पाच पाकळ्यांचा देव

आमच्या देव्हाऱ्यात अकरा वर्षं समुद्रातला एक प्राणी बसला होता, आणि त्याला रोज आंघोळ मी घालत होते.

इंग्रजीत त्याला सँड डॉलर म्हणतात. चपटा, बिस्किटाएवढा, पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल. दोन कोटी वर्षांपूर्वी तो कच्छच्या समुद्रात, वाळूत अर्धा रुतून जगत होता. नंतर दगड झाला. मला सापडला तेव्हा मी पीएच.डी. करत होते, आणि असल्या पाकळ्या कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. ते खरं तर फूल नाही. त्या श्वासाच्या वाटा आहेत, बारीक छिद्रांच्या रांगा. त्यांतून नाजूक पाय बाहेर काढून हा पाण्यातला प्राणवायू घ्यायचा. तोंड मात्र खालच्या बाजूला, मधोमध. याची जात ओळखायची तर या पाकळ्यांवरूनच.

मग आई गेली. पंधरा दिवसांसाठी म्हणून मी दगडासकट जबलपूरला, कांचघर भागातल्या घरी आले. तेराव्याला गुरुजींनी माझ्या टेबलावरचा दगड पाहिला, उचलून कपाळाला लावला आणि म्हणाले, "पाच पाकळ्या! साक्षात देव आहे हा." बाबांनी तो लगेच देव्हाऱ्यात ठेवला. मी हसले. ड्रॉवरपेक्षा देव्हारा बरा, निदान कुणी हात लावणार नाही, असा शहाणा विचारही केला. पूजेला लागलेला देव घराबाहेर जात नाही आणि उपाशीही राहत नाही, हे डोक्यात शिरायला वर्ष गेलं. बाबांचे गुडघे गेलेले, म्हणजे पूजा माझ्याकडे. चार दिवस कुठे जाते म्हटलं की बाबा विचारायचे, "अन् देवाचं कोण करेल?" मीच आणलेल्या दगडापाशी मीच अडकले. मूर्ख बाई!

यंदा भुजजवळच्या एका नव्या संग्रहालयाच्या प्रमुखांचा, मुरलीधर सरांचा फोन आला. सहा महिन्यांचं काम, शिवाय माझ्या दगडावर लेख. एकावन्नाव्या वर्षी मला कुणीतरी बोलावत होतं! मी गावातच अधारतालला राहणाऱ्या बेबीआत्याला राहायला बोलावलं, तिकीट काढलं, आणि तीन दिवस शब्द जुळवून बाबांसमोर उभी राहिले.

"देव सोबत नेते, त्याच्या जागी सुपारी ठेवते, बाबा. बेबीआत्या पूजा करेल."

"काहून? इथं भेडाघाटात दगड कमी पडून राहिले का, तिथं जायला?" मग पेपरात डोकं घालून म्हणाले, "चलो, ठेव सुपारी. जा."

इतकं सोपं होतं? स्वयंपाकघरात जाऊन मी आनंदानं रडले.

गाडी दुपारची होती. सकाळी आंघोळ करून येते तो बाबा देव्हाऱ्यासमोर स्टुलावर बसलेले, पुढ्यात चिंचेच्या कोळाची वाटी.

"देवाला पाठवायचं तर चकाचक करून पाठवावं म्हटलं."

मी दगड हातात घेतला. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. एक पाकळी नाही, एक छिद्र नाही.

"बाबा, चुन्याचा दगड आहे हा! फक्त पाणी घालायचं, आंबट लावायचं नाही, किती वेळा सांगितलं?"

"विसरून गेलो, बेटा. पितळेचे देव चिंचेनंच घासतो न आपण."

ब्याऐंशीचा माणूस. मी राग गिळणारच होते. पण चिंचेनं एका सकाळीत एवढं होत नाही. मी नीट पाहिलं. पितळेचे देव काळपट ते काळपटच होते. वाटी काठोकाठ भरलेली. आणि बाबा उजवा हात पंच्यात लपवत होते. मी तो ओढून बाहेर काढला. तीन बोटांची कातडी पांढरी पडून सुटली होती, आणि हाताला संडासाच्या ॲसिडचा वास येत होता.

मी त्यांना मोरीपर्यंत नेलं, हात नळाखाली धरला. मला त्यांचा इतका संताप आला होता की हा माणूस आत्ता मेला तरी चालेल असं वाटलं. आणि त्यांची बोटं भाजली म्हणून माझेच डोळे वाहत होते.

"आता तर तो काही कामाचा नाही न?" बाबा हळूच म्हणाले. "मग आता काहून जातेस?"

मी दुसऱ्या हातानं मुरलीधर सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकून फळीवर ठेवला. दगड गेला, पाकळ्या राहिल्या नाहीत, एवढंच सांगितलं.

"फार वाईट झालं," सर म्हणाले. "पण तुम्ही या हो, ताई. इथं चार हजार नमुने नावावाचून पडलेत. दगडाला नाही, तुम्हाला बोलावलंय."

माझ्या हातातला बाबांचा हात ताठ झाला. बाहेर रिक्षा थांबली आणि बेबीआत्याचा आवाज आला. बॅग भरलेली होती. आता मला कुणीच अडवलेलं नव्हतं.

"मग येताय न?" सरांनी विचारलं.

"बाबांना विचारून सांगते," मी म्हणाले.