पारा हो

"या घरात माशाला कुणी विचारत नाही, आणि मासे धरणाऱ्याला तर नाहीच नाही," मोरीत उकिडवे बसून अप्पा पुटपुटत होते. मासा चांगला हातभर होता. खवले उडून बनियनला चिकटले होते, एक तर भुवईवरच बसला होता.

"ऐकू येतंय मला," दारातून थोरली म्हणाली. ती अप्पांची थोरली लेक. स्वतः पन्नाशीची, पण अप्पांच्या तोंडी नाव तेच.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय. तीन रविवार झाले. पोरीला वास सोसत नाही म्हणालात, मी गप्प बसलो. काल तीच म्हणाली, उलट्या थांबल्या. आता कोणतं निमित्त काढणार तुम्ही दोघी?"

निमित्त संपलं होतं खरं. थोरलीच्या लेकीला पाचवा महिना. पहिल्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, नदीचा मासा अजिबात नको; त्यात पारा सापडलाय, बाळाच्या मेंदूला बाधतो. धक्क्यावर तशी पाटीही लागली होती. अप्पा त्याच पाटीखाली बसून गळ टाकायचे. वाचायला चष्मा लागतो, गळ टाकायला लागत नाही, म्हणून चष्मा घरीच असायचा. दात गेल्यापासून ते स्वतः मासा खात नव्हते. धरायचे ते दुसऱ्याला खाऊ घालायला. आधीचे तिन्ही थोरलीने वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकले. मांजरालासुद्धा दिले नाहीत.

सांगून टाकायचं तर दोन वाक्यांचं काम. पण पारा हा शब्द या घरात साधा नव्हता. हे घर पाऱ्यावरच उभं राहिलं होतं.

आता जिथे कपड्यांचं कपाट आहे, तिथे अप्पांचं टेबल होतं. ते थर्मामीटर बनवायचे. निळ्या ज्योतीवर काचेची नळी तापवायची, तिचं उघडं तोंड पाऱ्यात धरायचं. नळी गार होता होता पारा आपसूक वर चढायचा. मग नळी बर्फात बुडवून एक खूण, उकळत्या पाण्यात बुडवून दुसरी. शाळेत जायच्या आधी थोरली हावरटासारखी ते बघत उभी राहायची. अप्पांना लहर आली की तळहातावर एक थेंब मिळायचा. गार, आकाराच्या मानाने भलताच जड, आणि मुठीत न राहणारा. बोटाने टोचला की त्याची दहा पिल्लं व्हायची, हात वाकडा केला की पुन्हा एकच. इतकं श्रीमंत तिला पुढे लग्नातल्या दागिन्यांनीही वाटलं नाही.

नळ्या फुटायच्याही. काचेचा चुरा मिसळलेल्या पाऱ्याला अप्पा 'मळका' म्हणायचे. तो गाळत बसण्यात राम नव्हता. शनिवारी आई ओल्या कुंचल्याने फरशी झाडून तो पत्र्याच्या सुपलीत भरायची आणि थोरलीच्या हाती द्यायची. मागच्या दाराने सात पायऱ्या उतरल्या की नदी. सुपली तिरकी केली की चांदीची दोरी पाण्यात सुटायची. डुबुक असा आवाजसुद्धा नाही. मासे जवळ येऊन बघून जायचे. तिला ते हसल्यासारखे वाटायचे, तीही हसायची.

"नदीला काही होत नाही ना?" एकदा तिने विचारलं होतं.

"पारा जड असतो," अप्पा म्हणाले होते. "तळाला जातो आणि गप बसतो."

आईने ते वाक्य उचललं. पोरं भांडली की म्हणायची, "पारा हो." दुनियेच्या घरात पारा चढायचा, यांच्या घरात तो खाली बसायचा. पुढे आईचे हात थरथरायला लागले. कपातला चहा बशीत, बशीतला पदरावर. तेव्हा वय झालं म्हणाले सगळे. आईही हसून तेच म्हणाली. पारा झाले होते सगळेच.

अप्पांनी मासा स्वतः तळला. नातीच्या ताटात वाढला आणि शेजारी बसून काटे काढायला घेतले, थर्मामीटरच्या टेबलावरच्याच बारीक चिमट्याने. हात अजून स्थिर होता. काटा निघाला की ताटाच्या कडेला ओळीने मांडत होते, जणू नळ्याच.

"तुझ्या आईला असाच भरवायचो," ते म्हणाले. "काटा लागला म्हणून कधी रडली नाही."

नातीने आईकडे बघितलं. थोरलीने पाण्याच्या तांब्याकडे.

"एकच घास हं, आजोबा," नात म्हणाली आणि तिने तो उचलला.

थोरलीने तिचा हात धरला.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

पारा वरच्या अंगाच्या कारखान्यांचा, असं गावात सगळे म्हणत होते. तेच तिच्याही ओठांवर आलं. सोपं होतं. कुणाचंच काही गेलं नसतं.

"पारा हो, थोरले," अप्पा हळूच म्हणाले. चिमट्यातला काटा त्यांनी ओळीत मांडला नाही, तसाच धरून ठेवला. "जेवू दे पोरीला."

"तो गप बसला नाही, अप्पा," थोरली म्हणाली. "या माशात आलाय. आपलाच आहे. मीच ओतलेला."