पांढऱ्या पायाचा मेव्हणा

माझ्या मेव्हण्याला मी स्टेडियममधून हाकललं, ही गोष्ट पोर्ट हॅलनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. का हाकललं हेही ठाऊक आहे, आणि त्या वेळी एकानंही मला नावं ठेवली नाहीत. अपवाद माझ्या बायकोचा. पण बर्नीस त्याची सख्खी बहीण, शिवाय तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे तिचं मत मी धरलंच नाही.

लेनर्ड आणि मी छत्तीस वर्षं शेजारीशेजारी बसतोय. पूर्वेकडचा स्टँड, बाविसावी रांग. सात नंबरची सीट माझी, आठ त्याची. सरोवरावरचा वारा तिथे थेट तोंडावर येतो, म्हणूनच त्या सीट आम्हाला मिळाल्या आणि म्हणूनच आजवर कुणी मागितल्या नाहीत. आमची टीम स्टोकर्स, बॉल हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलची. या लोकांनी आम्हाला जेवढं रडवलंय तेवढं पोटच्या पोरांनीही रडवलेलं नाही. बाद फेरीत शेवटचे पोचले त्याला एकवीस वर्षं झाली होती.

ऑगस्टच्या अखेरीस लेनर्डच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुखण्यावर अशा काही गोळ्या दिल्या की दर रविवारी मॅच सुरू व्हायच्या आधीच गडी घरी घोरायला लागायचा. चार रविवार तो घोरला आणि चारही मॅच आम्ही जिंकलो. गावाचा नूरच पालटला. चौकात लोक एकमेकांना आधी गाडी काढू द्यायला लागले. माझ्याशी नऊ वर्षं न बोललेला शेजारी माझ्या अंगणातली पानं गोळा करून गेला.

पाचव्या रविवारी लेनर्ड काठी टेकत हजर झाला. आमच्याकडे मॅच दुपारी एकला असली तरी माणसं सकाळी आठपासून पार्किंगमध्ये जमतात, शेगड्या पेटवतात, सॉसेज भाजतात, ओळखीपाळखी काढून एकमेकांचं खातात. आमच्या शेजारी रोवेनाची व्हॅन असते. ती शाळेच्या मुदपाकखान्यात तीस वर्षं होती, आवाज अजून तिथलाच. तिनं लेनर्डला कवेत घेतलं, खुर्ची दिली, भाजलेलं पहिलं सॉसेज त्याच्या हातात ठेवलं. आणि आम्ही हरलो.

सहावी मॅच बाहेरगावी होती. ती आम्ही माझ्या घरी टीव्हीवर बघितली आणि हरलो. सातवी पुन्हा आमच्या मैदानावर. शेवटचे चार सेकंद, दोनच गुणांनी मागे; दोन खांबांमधून बॉल मारला की तीन गुण. आमच्या किकरनं पाय उचलला. लेनर्ड म्हणाला, "हा तर गेलाच आत!" बॉल खांबावर आपटला आणि बाहेर पडला.

पार्किंगमध्ये परत आल्यावर कुणी शेगडीसुद्धा पेटवली नाही. रोवेना म्हणाली, "मी काही बोलत नाही हं. मी आपली नुसती मोजते. तो नव्हता तेव्हा चार जिंकलो. तो आला आणि तीन हरलो."

"योगायोग," लेनर्ड म्हणाला.

"पायात लोखंड बसवलंय की पांढरा रंग दिलाय, एकदा डॉक्टरला विचार," ती म्हणाली. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला ते पटलं होतं.

गाडीत बसल्यावर मी त्याला म्हणालो, "लेनर्ड, टीमसाठी काय करशील?"

त्यानं सीटचा पट्टा लावला. मग म्हणाला, "स्पष्ट बोल ना, थॅड. येऊ नको म्हणतोस."

"येऊ नको. टीव्ही नको. रेडिओही नको."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी दुपारी मॅचचा आवाज कानावर पडणार नाही अशी जागा आमच्या गावात एकच आहे. स्टेडियमपासून दहा मिनिटांवरची लाँड्री. नाणी टाकून मशीन चालवायची, कपडे सुकेपर्यंत बाकावर बसायचं. मालकीणबाईंना फुटबॉलचा तिटकारा, त्यांनी टीव्ही कधीच बसवला नाही. लेनर्ड दर रविवारी तिथे जाऊन बसू लागला. स्वतःचे कपडे दोनदा धुऊन झाल्यावर त्यानं बर्नीसकडे कपडे मागितले. तिनं चादरी दिल्या, पडदे दिले, आणि देताना दर वेळी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्या खोलीत गेलो.

पण पुढच्या तीन मॅच आम्ही जिंकलो! आठ नंबरची सीट मी रिकामी ठेवली, तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. रोवेना म्हणाली, "बघ, मोजायचं असतं." मीही पार्किंगभर शहाण्यासारखा मिरवलो. पुढे अकरावी आणि बारावी हरलो, तेव्हा मात्र मी तडक लेनर्डच्या घरी गेलो.

"खरं सांग. रेडिओ ऐकलास?"

"नाही रे."

"मग?"

त्यानं मान खाली घातली. "एका बाईच्या फोनवर स्कोअर दिसला. मी नजर काढून घेतली, पण दिसला."

"दोन्ही रविवारी?"

"बाई तीच होती," तो म्हणाला.

मी त्याला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा सांगितलं, आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस तसा बसलादेखील. त्यानंतर टीम एक जिंकली, एक हरली, एक जिंकली, एक हरली. नऊ विजय, सात पराभव. सगळं येऊन ठेपलं शेवटच्या मॅचवर. जिंकलो तर बाद फेरी, तीही आमच्याच मैदानावर. हरलो तर पुन्हा पुढच्या सप्टेंबरची वाट.

त्या सकाळी बर्नीसनं माझा डबा भरला नाही. "एकवीस वर्षांनी गावात ही वेळ आलीय आणि माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून बसणार," ती म्हणाली. "जिंकलास तरी आनंद कुणाबरोबर करणार आहेस तेवढं सांग."

"सत्तर हजार माणसं आहेत तिथे," मी म्हणालो आणि निघालो.

पहाटेपासून बर्फ पडत होता. आमच्या पोरांनी मात्र पहिल्या मिनिटापासून पाहुण्यांना लोळवलं. क्वार्टरबॅकनं चाळीस यार्ड लांब फेकलेला बॉल आमच्या गड्यानं बर्फात घसरत, पोटाशी धरून, थेट हद्दीपलीकडे नेला. टचडाउन! मी दोन्ही हात पसरून उजवीकडे वळलो. उजवीकडे बर्फानं भरलेली रिकामी सीट होती. तिच्यापलीकडच्या एका अनोळखी माणसानं मला मिठी मारली आणि त्याच्या हॉटडॉगची सगळी मोहरी माझ्या कोटाला लागली. दुसऱ्या टचडाउनला तेच. मध्यंतराला आम्ही वीस-तीन असे पुढे होतो. सगळा स्टँड नाचत होता, आणि मी आठ नंबरच्या सीटवरचा बर्फ हातानं झाडत बसलो होतो. मला काहीच गोड लागत नव्हतं. बर्नीसचं बरोबर होतं, हे छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच मला स्वतःहून कळलं.

मी उठलो आणि गाडी काढली.

लाँड्रीत लेनर्ड एकटाच होता, भिंतीकडे तोंड करून. मला मशीनच्या काचेत बघताच त्यानं दोन्ही कान झाकले. "बोलू नको! स्कोअर सांगू नको! आणि तू इथं काय करतोयस? मॅच संपली?"

मी त्याचे हात ओढून खाली केले. "चल."

"कुठे? हरतोय का आपण? हरत असलो तरी मी येऊन काय होणार, आणखीच हरू. आणि जिंकत असलो तर तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मला तिथे एकट्यानं बघवत नाही," मी म्हणालो. "मी चुकलो, लेनर्ड. चल माझ्याबरोबर."

तो माझ्या कोटाकडे बघत राहिला. "ती मोहरी कुणाची?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. मग त्यानं काठी घेतली.

आणि मी, छत्तीस वर्षांचा जुना प्रेक्षक, एक गोष्ट साफ विसरलो होतो. गेटवरच्या मुलीनं माझा फोन यंत्रासमोर धरला, मग मान हलवली. "काका, हे तिकीट वापरलेलं आहे. एकदा बाहेर गेलात की परत आत सोडत नाही. दरवाजावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

"मला माहितीय काय लिहिलंय!" मी ओरडलो. शाळकरी पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत.

"पण हे दुसरं वापरलेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्यातला एक जण जाऊ शकतो."

मी लेनर्डला पुढे ढकललं. "जा."

गेटमधून मैदानाचा पांढरा तुकडा दिसत होता. लेनर्डनं तो डोळे भरून बघितला. चौथा आणि शेवटचा भाग नुकताच सुरू झाला होता. मग तो वळला. "नको."

"अरे वेड्या, ते माझं काही मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पायात काही खोट नाही. जा!"

"पायाचं नाही रे," तो म्हणाला. "आत जाऊन मी मिठी कुणाला मारू? त्या मोहरीवाल्याला?"

आम्ही पार्किंगमध्ये जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं आणि तिथेच बसलो. हजारो गाड्या आणि माणूस एक नाही. मी रेडिओ लावायला गेलो तर लेनर्डनं हात धरला. आता तोच मला नियम शिकवत होता. पण गर्दीचा आवाज काही बंद करता येत नव्हता, आणि लेनर्डला तो आवाज वाचता येतो. आमच्याकडे बॉल पाहुण्यांच्या हातात असला की गाव घसा फाडून ओरडतं, म्हणजे त्यांना आपसात बोललेलं ऐकू जाऊ नये. आपल्या हातात असला की सगळे चिडीचूप.

"ओरडतायत. बॉल त्यांच्याकडे," लेनर्ड म्हणाला. मग आवाज एकदम बसला. "गेला. त्यांचं टचडाउन." थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मी त्याला आता मध्यंतराचा स्कोअर सांगून टाकला. तो बोटांवर मोजून म्हणाला, "त्यांचे दोनदा सात-सात. मधल्या भागाचं माहीत नाही, पण आघाडी उरली असली तर तीन गुणांची. कदाचित तीही नसेल."

मग अशी शांतता पसरली की बर्फ पडल्याचं ऐकू यावं. ती मोडेचना. लेनर्डनं माझी बाही धरली. "किकर," तो कुजबुजला. "आपला. म्हणजे बरोबरीत किंवा मागे आहोत, आणि शेवटचे सेकंद आहेत."

मी म्हणालो, "हरलो तरी चालेल." आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, आणि मला ते मनापासून वाटत होतं.

"तोंड आवर!" लेनर्ड म्हणाला.

आणि मग स्टेडियम फुटलं. गाडीच्या टपावरचा बर्फ आमच्या डोक्यावर कोसळला. मी हात पसरून उजवीकडे वळलो, लेनर्ड तिथे होता. आम्ही दोघं म्हातारे रडलो, ओरडलो, एकदा जमिनीवरही पडलो, आणि नवा सांधा शाबूत आहे का ते बघायला घाबरतघाबरत उठलो.

दम खाऊन तो म्हणाला, "थॅड, एक सांगू? या वर्षी सात हरलो. त्यातल्या तीनला मी होतो. सातही बघणारा कोण?"

मी मोजलं. सातही मीच बघितल्या होत्या. "म्हणजे पुढच्या मॅचला मी घरी बसू?"

"गप. दोघं बसायचं, सात आणि आठ."

"आणि टीमचं काय?"

"टीम बघून घेईल तिचं तिचं."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं आमच्या सीटवर बसलो आणि स्टोकर्स सव्वीस गुणांनी हरले. अगदी धुव्वा उडाला. लेनर्ड गाडीत म्हणाला, "माझ्यामुळे."

"काहीतरीच काय. माझ्यामुळे."

"आणि तो पंच?"

"तो तर आंधळाच होता," मी म्हणालो. मग घरी पोचेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून पंचाला शिव्या घातल्या. इतका मजेचा रविवार, म्हणजे शनिवार, मला त्या अख्ख्या वर्षात मिळाला नव्हता.