मोकळं टोक

मी जिन्याखालचा स्विच बोलतोय. दिव्याचा नव्हे, कॉम्प्युटरच्या वायरी खोचतात तो पत्र्याचा डबा. बोलतोय म्हणजे काय, भीतीनं थरथर कापतच बोलतोय. अक्कल फारशी नाही मला. एकाचं आलेलं दुसऱ्याला द्यायचं, एवढंच शिकवून कारखान्यातून हाकललं.

हे छोटं बाळंतपणाचं हॉस्पिटल. माझ्याआधी इथले सगळे कॉम्प्युटर एकाच लांब वायरीवर होते, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. कुणाच्या पायात अडकून ती तुटली की सगळे मुके. डॉक्टरीणबाई वैतागल्या.

वायरमन म्हणाला, "मग गोल करू. ज्यानं त्यानं शेजारच्याला सांगायचं."

"आणि शेजारचा झोपला तर?"

"तर बोंबललं. नाहीतर प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे वायर ओढतो."

"आणि पेशंट कुठं ठेवू, छतावर?"

म्हणून मधोमध मला बसवलं. प्रत्येक टेबलाची वेगळी वायर माझ्यापर्यंत. एक तुटली तर एकच मुका. सगळे खूश. पण मीच आडवा झालो तर? हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. त्यात या जिन्याखालच्या कपाटात माझ्या अंगावर झाडू रेलून ठेवतात. जीव घुसमटतो.

तरी उंदरांपेक्षा, उकाड्यापेक्षा मला भीती आहे ती टापटिपीच्या माणसांची. आमच्या मोठ्या सिस्टर तशा. बँडेजचं टोक असो की नव्या नर्सच्या केसांची बट, "लोंबलेलं मला खपत नाही," म्हणून लगेच खोचणार. मध्यंतरी एक टेबल काढलं, तेव्हा त्याची वायर वायरमननं गुंडाळून माझ्यापाशीच ठेवली. एक टोक माझ्यात, दुसरं मोकळं. पुढं लागेल म्हणाला.

त्या दिवशी वर एक बाळंतीण होती. बाळ रडलं, पण आईचं रक्त थांबेना. तिचा नवरा माझ्याच जिन्याच्या पायरीवर बसलेला. सिस्टर फडकं घ्यायला कपाटाशी आल्या. त्यांना ते टोक दिसलं.

"काय हा पसारा!" म्हणाल्या, आणि खोचलं की माझ्याच रिकाम्या भोकात!

झालं. जे या भोकातून बाहेर टाकावं, ते त्या भोकातून परत आत. पुन्हा टाकावं, पुन्हा आत. एकाचे शंभर, शंभराचे हजार. माझ्या अंगावरचे सगळे बारके दिवे वेड्यासारखे फडफडायला लागले. मी ओरडत होतो आणि माझंच ओरडणं माझ्या कानात शिरत होतं.

तेवढ्यात खालच्या लॅबवाल्या दादांनी बाळंतिणीच्या रक्तगटाचा रिपोर्ट वर पाठवला. बटण दाबून ते दुसऱ्या कामाला वळलेसुद्धा. रिपोर्ट माझ्या गर्दीत चेंगरून मेला. खालच्यांना वाटतंय पोचला, वरचे वाट बघतायत. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक, आणि मला तोंड नाही.

शेवटी जिन्यावरून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "अहो, रक्ताचं काय झालं?"

"मघाशीच पाठवलं की, बाई!"

"इथं काही नाही आलेलं!"

दादा कागद घेऊन धावत सुटले. नवऱ्याला जवळजवळ तुडवूनच वर गेले. त्यानं कपाटाच्या दाराची कडी घट्ट धरून ठेवली. दाराबरोबर मीही थरथरत होतो.

रक्त चढलं. बाळंतीण वाचली.

मग दादांनी फोनवर वायरमनला विचारलं. तो म्हणाला, "सगळे दिवे एकदम फडफडतायत? कुणीतरी दोन्ही टोकं त्याच डब्यात खोचली असणार." सिस्टर शेजारीच होत्या. तशाच आल्या आणि स्वतःच टोक उपटलं. बोटं गार पडली होती त्यांची.

आता त्या टोकावर चिकटपट्टी आहे. तरी सिस्टर कपाट उघडतात, तिथंच बघत उभ्या राहतात. हात शिवशिवतात. मग मूठ मिटून जातात.

आज पट्टी सुटलीय. वर कुणीतरी कण्हतंय, पायरीवर दुसराच नवरा बसलाय, आणि दार करकरतंय. हात नवा आहे, ओळखीचा नाही.

बाबा रे, कोण असशील तो, हवं तर झाडू घे, फडकं घे. ते टोक तेवढं लोंबू दे.