दहा सालांचा भाव

पियुष स्वतः होऊन पैसे द्यायला निघाला, तेव्हाच नलूच्या मनात पाल चुकचुकली.

भाऊ तसा वाईट नव्हता. पण भाऊबीजेला ताटात पाचशेची नोट टाकताना ती दोनदा चाचपून पाहणारा हा माणूस, दुसरी चिकटून तर नाही आली म्हणून. तो दिवाळीनंतर वर्ध्याला बहिणीच्या भाड्याच्या घरी आला, चहा संपायच्या आत म्हणाला, "बाई, तुह्या नावाचे जिनातले शेअर मले देऊन टाक. तीन हजार भाव लावतो. चारशे शेअरचे बारा लाख."

बारा लाख! नलूच्या डोळ्यांपुढे आधी तिचं स्वतःचं घर आलं. स्लॅबपर्यंत येऊन दोन वर्षं तसंच थांबलेलं, सळया आभाळाकडे करून उभं. बारा लाखांत ते पुरं होत होतं, वर फरशी चांगली बसत होती. आणि मग लगेच दुसरं आलं मनात: हा एवढे का देतो आहे?

जिन म्हणजे समुद्रपूरच्या अलीकडचं कापसाचं जिनिंग. पाच शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी. नलूच्या वडिलांनी, वासुदेवरावांनी, नाल्याकाठचे दोन एकर ठेवून बाकीचं वावर विकलं आणि पैसा त्यात घातला. त्यातले चारशे शेअर त्यांनी नलूच्या लग्नाआधी तिच्या नावावर केले. बाजारात या शेअरचा भाव लागत नाही. पाच घरांत मिळून जो ठरेल तो भाव. आता कारभार पियुष पाहत होता.

"भाव कसा काढला?" नलूनं विचारलं.

"गेल्या साली शेअरमागे दोनशे रुपये नफा झाला. त्याच्या पंधरा पट. सीधा हिशोब आहे."

"अन् सही कुठं कराची?"

"कागद घरी आहेत. तू आरामात येजो. घाई नाई."

घाई नाही, हे तर नलूला अजिबात पटलं नाही. दहा वर्षांपूर्वी वडिलांच्या तेराव्यानंतर पियुषनं असाच एक कागद पुढं केला होता. हक्कसोडपत्र. नाल्याकाठच्या दोन एकरांतला आपला हक्क बहिणीनं भावासाठी सोडला, असं त्यावर लिहिलेलं. तहसील कार्यालयात अव्वल कारकून असलेली बाई, दुसऱ्यांचे असले कागद रोज हातावेगळे करणारी, पण स्वतःच्या वेळी नलूनं तो वाचलासुद्धा नाही. सगळ्या बहिणी करतात, तिनंही केली सही. बदल्यात साडी-चोळी मिळाली, जांभळी, नलूला कधीच न आवडलेल्या रंगाची. नंतर तिला त्याचा जो राग आला तो कुणाला सांगायची सोय नव्हती. दुधानं तोंड पोळलं होतं, आता ती ताक फुंकून पिणार होती, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

"घे न बारा लाख," सदाशिवराव, तिचा नवरा, पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "भाऊ देऊन राह्यला, तुले का त्रास?"

"तुमाले नाई समजत. जो माणूस घाई नाई म्हणते, त्यालेच घाई असते."

दर सालचा ताळेबंद कंपनी पोस्टानं घरी पाठवायची. नलूनं तो कधी उघडून पाहिला नव्हता. सगळे पाकिटासकट एका पिशवीत पडलेले. त्या रविवारी तिनं ते पलंगावर मांडले. काजल, तिची मुलगी, नागपुरात सीएकडे शिकत होती आणि सुटीला आली होती. तिला समोर बसवलं.

"एका सालच्या नफ्यावर भाव?" नलू म्हणाली. "आमच्या ऑफिसात गावाची पैसेवारी काढतो तेव्हा पीक मागच्या सालांच्या सरासरीशी ताडून पाहतो. एक साल डोळ्यात भरलं म्हणून वावर चांगलं ठरते का? याच्या आधीच्या सालांत नक्कीच मोठा नफा असन. तो दाबून हा मले एकाच सालचा दाखवून राह्यला."

काजलनं दहा सालांचे आकडे एकाखाली एक लिहिले. कापसाचा धंदा तो. एका साली शेअरमागे नव्वद, एका साली वीस, लॉकडाऊनच्या साली तर तोटाच. गेल्या साली कापूस क्विंटलला बारा हजारांवर गेला, जिनात माल भरलेला होता, म्हणून दोनशे. सगळ्याची सरासरी आली अठ्ठ्याहत्तर.

नलूचा चेहरा पडला. भाऊ चोर निघाला नाही याचं तिला वाईट वाटलं, हे खरं म्हणजे लिहू नये, पण वाटलं.

"थांब आई, हे चुकलं," काजल म्हणाली. "महागाई कुठं धरली आपण? दहा सालांपूर्वीचे चाळीस म्हणजे आजचे जवळपास सत्तर. जुने नफे आजच्या रुपयांत आणावे लागतात, मग सरासरी काढायची. कंपनीची खरी ऐपत तेव्हा समजते."

"मंग आण की!" नलू एकदम ताठ बसली. महागाईत तरी भाऊ सापडेल, अशी तिला आशा होती. काजल एकेका सालाचा नफा वाढवत गेली. नलू प्रत्येक आकड्याला "अजून थोडा वाढव न" म्हणत होती, भाजीवाल्याकडं कोथिंबीर मागावी तशी. शेवटी सरासरी शंभराच्या जवळ आली, आणि तिथंच थांबली.

"पट मामाचीच धरू. शंभराच्या पंधरा पट, दीड हजार," काजल म्हणाली. "मामा तर दुप्पट देऊन राह्यला तुले."

आता दुसरं कोणी असतं तर देवापुढं साखर ठेवली असती. नलूचा संशय मात्र दुप्पट झाला. फुकट कोण देतं? जिनाच्या जागेतून रस्ता जाणार असेल. नागपूरचा कोणी शेठ कंपनी घ्यायला निघाला असेल. तिनं कंपनीच्या पाचांपैकी एकटे उरलेल्या अण्णाजींना फोन लावला.

"कोणी शेठ नाई अन् रस्ता नाई, पोरी," अण्णाजी म्हणाले. "मशिनी जुन्या झाल्या. पियुषनं मले बी इचारलं होतं शेअर देता का म्हणून. दीड हजार भाव बोलला. म्या म्हटलं, ठीक आहे, वाजवी आहे."

अण्णाजींना दीड हजार आणि मला तीन! नलूनं फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. म्हणजे भाव त्याला पक्का माहीत होता. म्हणजे वरचे सहा लाख शेअरचे नव्हतेच. ते सहीचे होते. शेअरच्या कागदांत आणखी एखादा कागद घुसवलेला असणार. कर्जाची हमी, नाहीतर आणखी कसला हक्क. आणखी सोडायला तिच्याकडं उरलं काय होतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ती एकटीच समुद्रपूरच्या एसटीत बसली.

माधवीनं, पियुषच्या बायकोनं, पोह्यांवर तर्री ओतून बशी पुढं केली आणि आपली बशी घेऊन तिथंच खुर्ची ओढून बसली. घरातला पैसा तिच्या हातून जायचा. चेकबुक तिच्याच कपाटात असायचं. पियुषनं कागद टीपॉयवर ठेवले, वर बारा लाखांचा चेक, सही केलेला. "कर बाई सही, मंग जेवूनच जाय," तो म्हणाला.

"आधी मले सांग, हा भाव खोटा काऊन लावला?"

पियुषचा हात टीपॉयवरच राहिला. "खोटा कायचा? गेल्या सालचा नफा..."

"गेल्या सालचा नफा सोड. दहा सालांचा काढला म्या, महागाई धरून. शेअरमागे शंभर. पंधरा पट केली तर दीड हजार. सहा लाख होतात माह्ये, बारा नाई. तूच अण्णाजीले दीड हजार बोलला. मंग मले डबल कायचे?"

"बाई," पियुष खालच्या आवाजात म्हणाला, "पैसे घे न. कायले खोदत बसली?"

त्यानं एकदा बायकोकडं पाहिलं आणि पुन्हा बहिणीकडं, डोळ्यांनी नको नको म्हणत. नलूनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, सापडला! मनातली उकळी तिला आवरेना.

"खोदीनच! एकदा न वाचता सही केली, आता नाई करत. सहा लाख फालतू देऊन कोणत्या कागदावर अंगठा पाहिजे तुले? काढ, दाखव."

माधवीनं आपली बशी खाली ठेवली. "म्हणजे शेअरची किंमत सहाच लाख होते?" तिनं नवऱ्याला विचारलं. "तुम्ही तर मले बोलले, हाच भाव चालू आहे."

खोटं बोलायचं म्हटलं तरी पियुषला आता जागा उरली नव्हती.

"अण्णाजीले दीड हजार अन् घरच्याले तीन," माधवी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दुकानदाराला जास्तीची नोट गेली ती वेळेवर दिसावी, तेवढंच होतं. "बरं झालं ताई, तुम्ही सच्चा माणूस. दुसरीनं गुपचूप ठेवून घेतले असते." तिनं चेक उचलला, दोन तुकडे केले, कपाटातून चेकबुक आणलं आणि नवऱ्यापुढं ठेवलं. पियुषनं सहा लाख लिहिले. लिहिताना त्यानं मान वर केली नाही.

नलूनं कागद वाचले. ओळ अन् ओळ, मागचीसुद्धा बाजू. शेअर देण्याचा अर्ज होता, त्याला जोडलेली पावती होती, बाकी काही नव्हतं. तिनं पुन्हा एकदा चाळले. मग तिला सही करावी लागली. जेवायला ती थांबली नाही.

पियुषनं तिला मोटारसायकलवर एसटी स्टँडवर आणलं. स्टँडच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली, पण बंद केली नाही.

"वावराचे होते ते," तो समोर पाहत म्हणाला.

"कोणते?"

"वरचे सहा लाख. नाल्याकाठचं वावर एकरी सहाच्या भावानं चाललं आहे. दोन एकर. अर्धं तुह्यं." त्यानं हँडलवरचा हात पुसला. "घरात सीधा बोललो असतो तर माधवीनं म्हटलं असतं, हक्कसोड झाली न, आता कायचे पैसे. म्हणून शेअरच्या भावात बसवले. तुले बी काई न बोलता देणं झालं असतं. तू गणित मांडून बसली."

नलूचे पैसे होते. तिचे स्वतःचे, बापाच्या वावराचे, आणि ते तिनंच दहा सालांची सरासरी काढून, महागाई लावून, वहिनीपुढं खोटे ठरवून परत केले होते. तिला रडूही आलं आणि हसूही. मग जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागांहून निराळा होता.

"चोरून देणार होता तू," ती म्हणाली. "माह्यंच होतं ते, अन् मलेच चोरून. मी कोणी बाहेरची आहे का?"

"बाई, पाहतो न मी. दोन-चार महिने जाऊ दे. काई रस्ता काढतो. माधवीले हळूहळू..."

"दहा साल हळूहळूच चालू होतं न?"

वर्ध्याची गाडी लागली. कंडक्टरनं हाक दिली. नलूनं पदर खोचला, पिशवी काखेत घेतली आणि गाडीकडं पाठ करून आल्या रस्त्यानं चालू लागली. पियुष मोटारसायकल तिच्या बाजूनं हळू चालवत "बाई, आज नको, बाई, ऐक न" म्हणत राहिला. पानठेल्यावरची माणसं पाहत होती. पाहू देत.

माधवी अंगणात कपडे काढत होती. वन्सं परत आलेली पाहून ती फाटकापाशी आली.

"ताई? काई राह्यलं का?"

"राह्यलं," नलू म्हणाली. "एक एकर."