कुबडीवरची चिमणी

मित्रांनो, मी एक जुनी चिमणी आहे. चिवचिव करणारी नव्हे, धूर सोडणारी. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण पुढे माझ्यात एक कावळा राहायला येतो आणि तेव्हा तुमचा गोंधळ उडेल.

उत्तर इंग्लंडात बर्नली नावाच्या गावी, घरांच्या एका लांब रांगेत, शेवटच्या घराच्या छपरावर मी उभी होते. निदान रस्त्यावरून बघणाऱ्याला तसे वाटे. खरे सांगायचे तर शेवटची बरीच वर्षे मी उभी नव्हते. मी टेकले होते. एका कुबडीवर. ती कुबडी सरकली असती तर माझ्या अंगच्या सगळ्या विटा खालच्या पलंगावर गेल्या असत्या, आणि त्या पलंगावर रोज कुणीतरी झोपत होते. हे मला ठाऊक होते आणि दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हते. मला तोंड नाही असे नाही. चार तोंडे आहेत. पण चारही आभाळाकडे.

माझा जन्म कापडगिरणीच्या कामगारांसाठी घरे बांधली तेव्हाचा. मला दोन गवंडी भावांनी रचले. त्यांचे आपसांत बोलणे बंद होते, त्यामुळे एकाने पूर्वेची बाजू रचली, दुसऱ्याने पश्चिमेची, आणि मध्ये काय झाले हे दोघांनीही एकमेकांना विचारले नाही. म्हणून मी जराशी पिळलेली आहे. इकडे घरातल्या कुठल्याही वाकड्या वस्तूला ‘व्यक्तिमत्त्व आहे’ असे म्हणतात. मला जन्मापासूनच पुष्कळ व्यक्तिमत्त्व होते.

माझे कामाचे दिवस सुखाचे गेले. खाली शेकोटीत कोळसा जळे आणि मी धूर वर नेई. नाताळात मुले आपल्याला काय हवे ते कागदावर लिहून शेकोटीत टाकत, म्हणजे धुरातून ते नाताळबाबापर्यंत पोहोचे. मी अनेक बाहुल्या, सायकली आणि एक हत्ती वर पोहोचवला. हत्ती आला नाही, पण माझ्याकडून तो वेळेवर गेला होता. लोक माझी स्तुती करीत. म्हणत, ‘या घराची चिमणी चांगली ओढते.’

मग गॅस आला. शेकोटी थंड झाली. आणि एका लांब सुट्टीला या घरचे यजमान डेरेक हॉवर्थ यांनी घण उचलला. इंग्लंडात लांब सुट्टी लागली की पाऊस पडतो आणि नवरे आपापली घरे फोडतात. त्याला कोणी वेडेपणा म्हणत नाही, छंद म्हणतात. माझे धड खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही खोल्यांतून भिंतीला लागून वर येत होते. खालचे डेरेकला टीव्हीसाठी नको होते. वरचे त्याच्या बायकोला, मॉरीनला पलंग भिंतीला लावायचा म्हणून नको होते. मॉरीन चहा घेऊन आली तेव्हा मी कमरेपर्यंत नाहीशी झाले होते.

“डेरेक, आणि वरचं रे?” तिने विचारले.

“वरचं वर राहील,” डेरेक म्हणाला.

मित्रांनो, यापेक्षा भयंकर वाक्य मी ऐकलेले नाही.

सुट्टी संपता संपता त्याने माळ्यावर डोके घातले. मी तिथे होते. माझ्या खाली काही नव्हते. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. तो पांढरा पडला, उतरला, दोन फळ्या घेऊन आला आणि त्या वाशांवर टाकल्या. त्या पुरेनात. मग त्याने आपली कुबडी आणली. मागल्या सुट्टीत तो शिडीवरून पडला होता, तेव्हा हॉस्पिटलने वापरायला दिलेली. ती त्याने माझ्या पोटाखाली तिरपी ठोकून बसवली आणि म्हणाला, “तात्पुरतं.” इंग्लंडात तात्पुरत्या गोष्टी फार टिकाऊ असतात. खाली उतरून त्याने माळ्याचे झाकण रंगवून टाकले. रंग वाळला आणि झाकण चौकटीला चिकटले ते चिकटलेच.

पुढे डेरेक वारला. मॉरीन एकटी राहिली. ती वरच्या पुढच्या खोलीत झोपायची, म्हणजे माझ्या बरोबर खाली. मग माझ्यात एक कावळा आला. त्याने घरटे बांधायला काटक्या आणल्या. मी प्रत्येक काटकीला मनात हात जोडत होते. तो काटक्यांवर काटक्या आणत होता आणि माझे ओझे वाढत होते. कुबडीचे रबरी टोक दर वाऱ्याला केसभर सरके आणि मी श्वास धरून बसे. श्वास धरणे हे चिमणीच्या स्वभावाविरुद्ध आहे.

अखेर मॉरीनने घर विकायला काढले. तिला समुद्रकाठी मुलीजवळ जायचे होते. मला वाटले, सुटले. घर घेणारा माणूस घर नीट बघेल. मी फार भाबडी होते.

पहिले गिऱ्हाईक आले त्याने पूर्ण पाहणीहून स्वस्त अशी मधली पाहणी करवली. म्हणजे जे दिसते ते बघायचे आणि काही हलवायचे नाही. पाहणी करणाऱ्याने शिडी लावली, झाकण हळूच ढकलले, ते हलले नाही. ‘माळा बघता आला नाही,’ असे त्याने अतिशय सभ्य भाषेत नोंदवले आणि गेला. त्या गिऱ्हाइकाने घर घेतले नाही, कारण त्याच्या आईला जिन्यावरचा गालिचा आवडला नाही. तो गालिचा त्यांचा जीव वाचवून गेला, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

मग कॅलम आणि ब्रॉनवेन आले. नवीन जोडपे. ब्रॉनवेनचे दिवस भरत आले होते. सोबत कॅलमचे वडील ग्रॅहम होते. इकडे घर बघायला येताना एक वडीलधारा माणूस आणतात, आणि त्याचे काम एकच असते. तो भिंतीवर मूठ ठोकतो. ग्रॅहमने प्रत्येक खोलीत भिंत ठोकली.

“घट्ट आहे,” तो म्हणाला. “आजकाल असं बांधत नाहीत.”

हे खरे होते. आजकाल कुबडीवर बांधत नाहीत.

“बाबा, तुम्हाला भिंत ठोकून नक्की काय कळतं?” कॅलमने विचारले.

“भिंत आहे हे कळतं.”

ब्रॉनवेन मॉरीनच्या पलंगापाशी थांबली. “पाळणा इथे ठेवू या,” ती म्हणाली. “या भिंतीला ऊब आहे.”

मी वरून किंचाळत होते. इथे नको. कुठेही ठेवा, न्हाणीघरात ठेवा, अंगणात ठेवा. पण चिमणीचे ओरडणे म्हणजे नुसता वाऱ्याचा घुमघुम आवाज. कॅलम म्हणाला, “किती छान आवाज येतो ना. जुन्या घरांची हीच तर मजा.”

“व्यक्तिमत्त्व आहे,” ग्रॅहम म्हणाला.

सौदा ठरला. कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस आला. तो गाडीतून उतरला नाही. काच खाली करून त्याने घराचा क्रमांक विचारला, माझ्याकडे बघून डोळे किलकिले केले आणि गेला. बँकेला एवढेच ठाऊक असले की पुरते, घर जागेवर आहे आणि रस्ता तोच आहे. आत कोण कशाखाली झोपणार, हा तिचा प्रश्न नव्हे. त्यात तिची चूक नाही. चूक अशी की इकडे सगळे त्यालाच पाहणी समजतात.

त्यानंतर ते तिघे पडद्यांची मापे घ्यायला आले. ब्रॉनवेनचे पाय सुजले होते.

“पड जरा माझ्या पलंगावर, पोरी,” मॉरीन म्हणाली. “लाजू नकोस. मी काही बघत नाही.”

ब्रॉनवेन आडवी झाली. आणि मित्रांनो, या घरात आलेल्यांपैकी वर बघणारी ती पहिली. बाकी सगळे भिंतीकडे बघत होते. तिला छताला गेलेली भेग दिसली. हा शेवटचा उपाय, असे मी ठरवले. माझ्याकडे सुटे असे काही उरले नव्हते, तरी चुन्याचा एक कण मी सोडला. सोडताना कुबडी सरकली. मला वाटले, झाले, आता मीच जाणार, तिच्याच अंगावर. पण मी थांबले. कण तिच्या पोटावर पडला.

तिने तो बोटाने उचलला. बराच वेळ बघितला.

“मॉरीन, बाहेर छपरावर चिमणी आहे ना?”

“आहे की.”

“मग ती या खोलीत कुठे आहे?”

“ती डेरेकने काढली. फार हौशी माणूस.”

“सगळी काढली?”

“खालची. वरची वर आहे.”

“कशावर?”

इकडे प्रश्न अवघड झाला की कोणीतरी चहा ठेवायला उठते. मॉरीन उठली.

बाहेर गाडीपाशी त्यांचे वाजले. मला वरून सगळे ऐकू येत होते.

“बँकेने पास केलंय ना,” ग्रॅहम म्हणाला.

“बँकेचा माणूस गाडीतून उतरलासुद्धा नाही, ग्रॅहम. मॉरीन सांगत होती.”

“बरं, मग मधली पाहणी करा. पूर्ण पाहणी राजवाड्यांची करतात. मी माझं घर भिंत ठोकून घेतलं.”

“हो. आणि तुमच्या स्वयंपाकघरातून बाग दिसते. भिंतीतून.”

“त्याला उजेड म्हणतात.”

“ब्रॉन,” कॅलम हळूच म्हणाला, “पूर्ण पाहणीच्या पैशात आपली बाबागाडी येते गं.”

“बाबागाडी नंतर घेऊ. बाळ आधी लागेल.”

कॅलमने फोन काढला. “मधली पाहणी हवी होती,” तो फोनवर म्हणाला. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत, त्यामुळे सगळे बघावे लागते. तेवढ्यात ब्रॉनवेनने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

“पूर्ण,” ती म्हणाली. “आणि माळ्याचं झाकण रंगाने बसलंय. ते कापायची परवानगी आम्ही मालकिणीकडून घेतो. वर डोकं घातलंच पाहिजे.”

इथे मी तुम्हाला एक सांगते. पूर्ण पाहणी म्हणजे माझा शेवट, हे मला कळत होते. कुबडीवर टेकलेली चिमणी बघून कोणीही ‘असू दे’ म्हणत नाही. तरी पाहणी करणारी बाई येईपर्यंत मी एकच मागत राहिले, की आधी ती येऊ दे आणि मग वारा. पण वारा आधी आला. कावळा बाहेर जाऊन आत येत होता आणि प्रत्येक वेळी काटकी आणत होता. मॉरीन दुपारी आडवी होई आणि झोपेत घोरे. ते घोरणे मी मोजत नव्हते. ते थांबू नये एवढेच बघत होते.

पाहणी करणाऱ्या मिसेस टॅटर्सल आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, हातात विजेरी. त्यांनी भिंत ठोकली नाही. मॉरीनला विचारून त्यांनी झाकणाच्या कडेने पाते फिरवले, झाकण उचलले आणि डोके आत घातले. विजेरीचा झोत माझ्या पोटावर पडला. मग फळ्यांवर. मग कुबडीवर. तिथे तो बराच वेळ थांबला.

“हं,” मिसेस टॅटर्सल म्हणाल्या.

त्या शिडीवरून अशा उतरल्या, जणू खाली बाळ झोपले आहे.

“या खोलीत कोण झोपतं?”

“मी,” मॉरीन म्हणाली.

“आजपासून मागच्या खोलीत झोपाल का? कृपा करून. आणि आज कोणी दार आपटू नका.”

“का? डेरेकचं काम पक्कं असतं.” मॉरीनचा आवाज चढला. “बाहेरच्या माणसाने येऊन त्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत.”

“नावं ठेवत नाही. कुबडी पक्की आहे, म्हणूनच आपण इथे बोलतोय.”

“कुबडी? कसली कुबडी?”

मिसेस टॅटर्सलनी सांगितले. मॉरीन जिन्यावर बसली, त्या गालिच्यावर.

“ती हॉस्पिटलची आहे,” ती म्हणाली. “मी रोज त्याच्या मागे लागायचे, परत देऊन ये, परत देऊन ये. एक दिवस म्हणाला, देऊन आलो.” तिने डोळ्यांवर हात धरला. “जन्मभरात हा माणूस माझ्याशी एकदाच खोटं बोलला, आणि ते माझ्या डोक्यावर ठेवून गेला.”

ब्रॉनवेन तिच्याशेजारी अवघडून बसली. कॅलम चहा ठेवायला गेला.

मग परांची आली आणि गवंड्यांनी मला वरून खाली, एकेक वीट करून उतरवले. कावळा शेजारच्या चिमणीत राहायला गेला. निरोप घेतला नाही. घर त्यानंतरच कॅलम आणि ब्रॉनवेनच्या नावावर झाले. माझ्या विटा मागच्या अंगणात रचल्या आहेत. ग्रॅहम येतो तेव्हा माझी एक वीट उचलून ठोकतो आणि म्हणतो, “घट्ट आहे.”

बाळ झाले तेव्हा मॉरीन बघायला आली. तिने अंगणात, माझ्या विटांपाशी उभे राहून ब्रॉनवेनला एक गोष्ट सांगितली. मॉरीन स्वतः ती कुबडी हॉस्पिटलात परत द्यायला गेली होती. खिडकीतल्या मुलीने यंत्रात नाव शोधले आणि विचारले, “हॉवर्थ, डेरेक. पाय बरा झाला का त्यांचा?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, हो. आता काही त्रास नाही.”

दोघी हसल्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घर घ्यायला जाल. भिंत जरूर ठोका, वडीलधाऱ्यांना बरे वाटते. बँकेचा माणूस आला तर त्याला नमस्कार करा. पण मग जिथे कोणी डोके घालत नाही तिथे डोके घालणारा एक माणूस बोलवा. ज्याने वाटेतले झाकण उघडायचे ठरवले आहे, असा. आणि छपरावर काही दिसले तर ते खाली कुठे गेले, कशावर टेकले आहे, हे विचारल्याशिवाय हलू नका. वरचे वर राहात नाही. आणि खाली कुणीतरी झोपलेले असते.