चिंचोक्याचं माप

बनूची डाळ शिजत नसे. गोष्ट एवढीशीच. पण पोलादपूरजवळच्या त्या घरात दोन वर्षं तिच्यावरून जे काही चाललं होतं, ते ऐकल्यावर तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच ओळखीची एखादी बनू आठवेल. सकाळी चुलीवर चढवलेली तुरीची डाळ दुपारी पानात पडे, तेव्हा पाणी एकीकडे आणि दाणे दुसरीकडे. सासरे कोंडाजी एक घास चावून बघत, ताट पुढे सरकवत आणि बायकोला म्हणत, “तिला इचार, ही डाळ हाय का रस्त्याची खडी?”

‘तिला’ म्हणजे सुनेला. सून चार हातांवर चुलीशी बसलेली असे आणि शब्द न् शब्द तिच्या कानांवर पडत असे. पण सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही आणि सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. आपल्या कोर्टात चोरालासुद्धा वकील मिळतो. बनूवर रोज आरोप व्हायचा, रोज निकाल लागायचा, आणि तिने मात्र राखेत बोटं ओढत बसायचं. नवरा हैबती मुंबईच्या गिरणीत होता. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा, चार दिवस राहायचा, आणि बापासमोर त्याचीही मान खाली असायची.

बनू काही अडाणी स्वयंपाकीण नव्हती. हिरकणीवाडीला, रायगडाच्या पायथ्याशी तिचं माहेर. तिथे झऱ्याच्या पाण्यावर ती दहाव्या वर्षापासून रांधत होती. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिच्या ध्यानात आलं, की खोट पाण्यात आहे. साबणाला फेस येत नव्हता, नुसता दह्यासारखा चोथा व्हायचा. हंड्याच्या आतून पांढरं किटण धरत होतं, ते नारळाच्या शेंडीने घासूनही निघत नव्हतं.

पण हे सांगायचं कुणाला? ती विहीर कोंडाजींनी खणली होती. परसात, काळ्या कातळात, तीन उन्हाळे खपून, सुरुंग लावून. बाविसाव्या हातावर पाणी लागलं तेव्हा त्यांनी साऱ्या वाडीला गूळ वाटला होता. राहीबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डोक्यावरचा तीस वर्षांचा नदीचा हंडा त्या दिवशी उतरला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खोटं नव्हतं ते. त्या विहिरीवर माणसाचा जीव होता.

नवी नवरी असताना बनूने एकदा न विचारता नदीवरून पाण्याचा हंडा आणला होता. कोंडाजींनी तो तिच्या डोक्यावरून उतरू दिला आणि मग अंगणात उपडा केला. “घरात इहीर असताना माझी सून नदीला जाते, हे गावानं बघायचं? तिला सांग, पुन्ना असं व्हायचं नाय.” त्या दिवसापासून नदीची वाट बंद झाली. विहिरीला बोल लावणं म्हणजे सासऱ्याला बोल लावणं. उरला कोण? बनूचा हात. “हाताला चव नाय पोरीच्या,” असं ठरून गेलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिला माहेरी धाडलं. ‘रांधायला शिकून ये’ हा निरोप सगळ्या वाडीने ऐकला. हिरकणीवाडीला पहिल्याच दिवशी तिने डाळ लावली आणि ती लोण्यासारखी मऊ झाली. तिची आई बयाबाई हरखली. तिने भोळेपणाने लेकीला परत पोचवताना सांगितलं, “अवो, पोर झ्याक रांधते. घास तोंडात इरघळतो.”

ही आईची शिफारस बनूच्या गळ्याचा फास झाली. कोंडाजी म्हणाले, “म्हंजे माहेरात शिजते आनि हितंच शिजत नाय? पोर मुद्दाम करते.” आता तिला काही येत नाही असंही म्हणायची सोय राहिली नाही. येत नसतं तर निदान कीव तरी आली असती.

वैशाखात गट विकासाच्या कचेरीतून सुनीती नावाच्या ग्रामसेविका वाडीत यायला लागल्या. महाडच्या घरातल्या, शिकलेल्या, पायात चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. मुलांना काय खाऊ घालावं हे सांगायला त्या घरोघर जात. या घरी त्या पडवीत हात धुवायला बसल्या, साबण चोळत राहिल्या, फेस येईना. त्यांनी हंड्यात डोकावून पाहिलं. मग उठून सरळ चुलीपाशी बनूजवळ गेल्या आणि हळूच विचारलं, “डाळ शिजत नाही ना गं तुझी?”

दोन वर्षांत हा प्रश्न दोष न ठेवता कुणी विचारला नव्हता. बनूला रडू फुटलं.

“पाणी जड आहे तुमचं,” सुनीतीबाई म्हणाल्या. “वाईट नाही, जड. कातळातले क्षार उतरलेत त्यात, ते डाळीला मऊ होऊ देत नाहीत. डाळीपुरतं पाणी आधी खळखळून उकळ. उकळताना यातला खायचा सोडा टाक, दोन चिंचोक्यांएवढा. मग निवू दे. खाली गाळ बसेल, वरचं निवळ तेवढं ओतून घे आणि त्यात डाळ लाव.” त्यांनी पिशवीतून सोड्याची पुडी दिली. जाताना म्हणाल्या, “पाऊस लागला की मी येते. तेव्हा माप बदलावं लागेल.”

डाळ शिजली. कोंडाजी एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्या घरात न बोलणं म्हणजेच शाबासकी होती. महिनाभर बनू सुखाने जेवली. पुडी तिने तांदळाच्या डब्यामागे लपवली होती. विचारून ठेवायची तर पाण्याचा विषय काढावा लागला असता.

पावसाळा लागला. सुनीतीबाईंना कचेरीने दुसरीकडे शिबिराला पाठवलं, त्या आल्याच नाहीत. माप बदलायचं हे बनूच्या लक्षात होतं. कुठल्या बाजूला बदलायचं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. विहिरीचं पाणी वर चढलं. डाळ बुळबुळीत व्हायला लागली, रंग काळपट, चव साबणासारखी. बनूला वाटलं, सोडा कमी पडतोय. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? तिने दोनाचे तीन चिंचोके केले.

श्रावणी सोमवारी संध्याकाळी कोंडाजी उपास सोडायला बसले. पहिला घास त्यांनी तोंडात घातला आणि थुंकून टाकला. ते ताटावरून उठले, स्वतः चुलीपाशी आले, डबे उलथेपालथे केले, आणि पांढऱ्या भुकटीची पुडी त्यांच्या हाताला लागली.

“हे काय हाय?”

बनूने राहीबाईंकडे पाहिलं. तिला उत्तर देता येत होतं, पण द्यायची मुभा नव्हती. राहीबाईंनी नजर खाली घातली.

“चोरून अन्नात भुकटी घालते,” कोंडाजी पुडी हलवत म्हणाले. “दोन वरसं कच्चं खाऊ घातलंन, आता हे. गनपतीला हैबती आला, का त्याच्यासंगं तिला हिरकनीवाडीला पोचवायची. शिकायला नाय. कायमची.”

गणपतीला तेरा दिवस होते. बनूने त्यातले दोन दिवस विहिरीच्या काठाशी पाणी शेंदत काढले. आत डोकावलं की खाली पाण्यात तिचंच तोंड दिसायचं आणि भोवती गोल कातळ. माहेरी गेली तर नवऱ्याने टाकलेली, इथे राहिली तर अन्नात भुकटी घालणारी. तिसरी जागा तिला कुठे दिसेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनीतीबाई आल्या. काय झालं ते कळल्यावर पडवीत कोंडाजींसमोर बसून म्हणाल्या, “चूक माझी आहे. वेळेवर यायला हवं होतं. सोडा मी दिला होता.” त्यांनी औषधाच्या दोन सारख्या बाटल्या काढल्या. एकीत पागोळ्यांचं पाणी भरलं, दुसरीत विहिरीचं. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवल्या. पहिली फेसाने भरली. दुसरीत फेस आला, पण लगेच बसला.

“वैशाखात तुमच्या पाण्याला एवढाही फेस नव्हता. आता पावसाचं पाणी मिसळलंय, म्हणून ते हलकं झालंय. तेव्हा दोन चिंचोके लागत होते, आता अर्धा पुरे. सुनेला हे सांगायचं राहिलं. यात तिचा काय गुन्हा?”

कोंडाजींनी बाटलीकडे पाहिलंच नाही. “बाई, तुमी माझ्या इहिरीला नावं ठेवू नका. इहीर खनली त्या पयल्या वर्साला सून आली नव्हती. हीच रांधायची.” त्यांनी राहीबाईंकडे बोट केलं. “हेच पानी, हीच डाळ. शिजत व्हती. इचारा तिला. सांग गो.”

राहीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. साक्ष त्यांची होती. नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, गणपतीला सून गेली असती आणि पाण्याचं नाव पुन्हा निघालं नसतं. त्या उंबरा ओलांडून पडवीत आल्या. मग म्हणाल्या, “इहिरीच्या पान्यात नव्हती शिजत.”

“काय?”

“मी धुनं घेऊन नदीला जायची नव्हं? टोपलीत कळशी ठेवायची आनि वर वली लुगडी टाकायची. ते पानी डाळीला वापरायची. वरीसभर. तुमी एवढ्या हौसेनं खनलीत, कसं सांगनार? मग सून आली. चूल तिच्या हाती दिली, आनि मी सुटले.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “तिच्यावर आलेलं सगळं माझं व्हतं. मला ठावं व्हतं.”

बनूला हायसं वाटायला हवं होतं. तिला राग आला. जी बाई रोज तिच्या शेजारी बसून शेंगा सोलत होती, तिने दोन वर्षं हे पाहिलं होतं. पण तोंडाला पदर लावलेल्या राहीबाईंकडे तिने बघितलं, आणि तिला कळलं, की या घरात अडकलेली ती एकटीच नव्हती.

सुनीतीबाई शांतपणे म्हणाल्या, “कोंडाजी, विहीर तुम्ही बायकोच्या डोक्यावरचा हंडा उतरावा म्हणून खणलीत ना? तुमच्या धाकाने तिने तो चोरून पुन्हा उचलला. आणि तुमच्या सुनेला उचलायचीही सोय ठेवली नाहीत. पाणी जड असलं तर त्याला उपाय आहे, अर्ध्या चिंचोक्याचा. पण ज्या घरात पाणी जड आहे एवढंही बाईला बोलता येत नाही, त्या घराला मी कुठला सोडा देऊ?”

कोंडाजी उठले आणि विहिरीवर जाऊन बसले. दुपारपर्यंत ते तिथेच होते. आले तेव्हा त्यांच्या हातात भरलेली कळशी होती. ती त्यांनी चुलीपाशी ठेवली आणि, लग्नानंतर पहिल्यांदाच, सुनेकडे तोंड करून म्हणाले, “सूनबाय, कसं करतंस ते मला दाव.”

बनूने डब्यातून एक चिंचोका काढला. तो फोडून अर्धा तिने तळहातावर धरला. “एवढा, मामंजी.”

वाचकहो, आपल्या घरात काही बिघडलं, की आपण आधी वस्तू तपासतो की घरातली सर्वांत गरीब मान शोधतो? खरी खोट कुठे आहे हे जिला ठाऊक असतं, तिचंच तोंड आपण रीतीने बांधून ठेवलेलं असतं. ती गाठ सोडा, एवढंच सांगणं आहे. चिंचोक्याचं माप कुणीही शिकवील.

गणपतीला हैबती आला आणि चार दिवस राहून एकटाच मुंबईला गेला. पुढे शिमगा झाला, ऊन तापलं. एका सकाळी कोंडाजी परसातून आत आले. हातातल्या बाटलीत साबणाचं पाणी होतं आणि त्याला फेस नव्हता. ज्या माणसाने विहिरीविषयी कधी वाकडा शब्द ऐकून घेतला नव्हता, तो चुलीपाशी वाकून म्हणाला, “सूनबाय, माझ्या इहिरीचं पानी जड झालंय गो. माप वाढव.”