सत्तावीस हुक

"श्वास सोडा. पूर्ण सोडा. आता घेऊ नका," असं म्हणत मी खालून सहावा हुक लावला.

समोरची बाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. परवाच तिच्या पोटाची आणि कमरेची चरबी काढली होती, आणि आज पहिलं ड्रेसिंग बदलून मी तिला तिचं गारमेंट चढवत होते. गारमेंट म्हणजे छातीखालून मांडीपर्यंत येणारा जाड, ताणाचा अंगरखा. आत सूज साचू नये आणि कातडी जागेवर बसावी म्हणून तो सहा आठवडे अंगावर ठेवावा लागतो. दोन्ही हातांनी टेबल धरून ती म्हणाली, "ताई, हे घालताय की माझं पार्सल बांधताय?"

"पार्सलच. पत्ता तेवढा लिहायचा राहिलाय."

ती हसली आणि लगेच कळवळली, कारण या दिवसांत हसलं तरी दुखतं. मग तिने तो प्रश्न विचारला. तो सगळ्याच विचारतात. "इतकं घट्ट असतं?"

नऊ वर्षं माझं याला एकच ठरलेलं उत्तर होतं. घट्ट आहे म्हणजे काम करतंय! या वाक्यावर बायका हसायच्या, निश्चिंत व्हायच्या. गेले अकरा महिने ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. ओठांपर्यंत येतं आणि तिथेच बसून राहतं.

"घट्ट असतं," मी म्हटलं. "पण धाप लागली, छातीत दुखलं, पोटरी दुखली, तर मला फोन करून विचारत बसू नका. सरळ निघून या."

"घाबरवताय का मला?"

"हो," मी म्हटलं.

दवाखान्यात मला टेपताई म्हणतात. माझे वडील शिंपी होते. त्यांची टेप मी गळ्यात घालते. सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं नर्सचं काम केल्यावर मी इथे आले, ती पाठ वाकायला लागली म्हणून. इथे कुणाला उचलावं लागत नाही. इथे माणसं चालत येतात, मोबाइलमध्ये भलत्याच कुणाच्या कमरेचा फोटो दाखवतात आणि विचारतात, असं होईल का? मी त्यांना उभं करते, मापं घेते, सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, काढलेल्या जांभळ्या खुणांवरून हात फिरवते, गळ्याखालचे फोटो काढते. गारमेंट सैल असेल तर मागच्या खोलीतल्या मशीनवर बसून शिवण आत घेते. लोकांचे चेहरे मला आठवत नाहीत. पोटं आठवतात.

बँकवाली बाई हळूहळू बाहेर गेली आणि काउंटरवरच्या पोरीने दारातून डोकं आत घातलं. "टेपताई, एक आजी आल्यात. नंबर घेतलेला नाही. म्हणतात, टेपवाल्या ताईंनाच भेटायचंय."

आजी ठेंगण्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी पाणी दिलं. पाण्याला त्यांनी हात लावला नाही. "मी लायब्ररीतल्या मॅडमची सासू," त्या म्हणाल्या. एवढं पुरे होतं.

लायब्ररीतल्या मॅडम. वय त्रेचाळीस, कंबर एकशे चार सेंटिमीटर, बेंबीच्या डावीकडे तीळ. मापं घेताना त्या म्हणाल्या होत्या, "वीस वर्षं पोटासमोर रजिस्टर धरून उभी आहे हो मी. पोरांना वाटतं, बाईंना पुस्तकांचं फार वेड! एकदा हात मोकळे सोडून उभं राहायचंय." मी खूप हसले होते. त्यांची दोन्ही गारमेंट दोन सेंटिमीटर मीच आत घेतली होती. एक अंगावर, एक धुऊन वाळत, म्हणून प्रत्येकीला दोन देतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गेल्या. गाडीतच, इथे आणताना. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती सुटून फुफ्फुसात अडकली.

तेव्हापासून त्या माझ्याकडे येतात. भूतबीत मी मानत नाही आणि दिसतही काही नाही. पण कुणाच्या कमरेभोवती टेप गुंडाळली की माझा अंगठा आपसूक एकशे चारवर जातो. दुपारी फोन वाजला की उचलण्याआधी मला त्यांचा आवाज ऐकू येतो, ताई, एक विचारू का? घरी मी अंगाला घट्ट बसणारं काही घालत नाही. नवरा एकदा म्हणाला, "तुझं वय झालं की काय?" मी म्हटलं, "झालं असेल." त्यालाही मी खरं सांगितलेलं नव्हतं.

आजींनी पिशवीतून गारमेंट काढून टेबलावर ठेवलं. दुसरं, न वापरलेलं. स्वच्छ घडी, सगळे हुक लावलेले.

"कुणाच्या उपयोगी पडेल का?"

"नाही पडत, आजी. ज्याच्या त्याच्या मापाचं असतं."

"वाटलंच होतं." त्यांनी ते स्वतःकडे ओढलं. "सत्तावीस हुक आहेत. तुम्हाला माहीतच असेल म्हणा. मी रोज सोडते आणि रोज लावते. चार मिनिटं लागतात मला. बोटं अशी आहेत ना." त्यांनी बोटं दाखवली. सांधे सुजून गाठाळले होते. "घड्याळ लावून बघितलंय. चारच मिनिटं. ती म्हणत होती, आई, सोडा हो. मी म्हटलं, ताईंनी फोनवर नको सांगितलंय ना, मग नको. चार मिनिटांचं काम होतं."

त्या बोलता बोलता हुक सोडायला लागल्या. वरून एक, मग दुसरा. बोटं सरावलेली होती. मला त्यांचे हात धरावेसे वाटले, पण माझे हात मांडीवरून उठेनात.

"आजी, हुक सोडून काही झालं नसतं," मी म्हटलं. "गाठ पायातली होती. हे काढलं असतं तरी ती तिथेच असती. देवाशपथ सांगते."

"असं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवावा की नाही, ते त्या ठरवत होत्या. "पण मग आमचंच काहीतरी चुकलं असणार ना. कागदावर तर साडेतीनला सगळं ठीक लिहिलंय."

पिशवीतून त्यांनी घडी घातलेली झेरॉक्स काढली. मी ती न बघताही सांगितली असती. तिसऱ्या दिवशीच्या फोनचा फॉर्म. त्यावर तीन प्रश्न असतात: धाप लागते का, छातीत दुखतं का, पोटरी दुखते का. पुढे चौकोन; विचारून त्रास नसेल तर त्यात खूण करायची. तिन्ही चौकोनांत बरोबरच्या खुणा, खाली 'ठीक', आणि कोंबडीच्या पायासारखी माझी सही. या कागदावर दवाखाना चौकशीतून सुटला. सरांनी मला एकदाच विचारलं होतं, "विचारलं होतंस ना सगळं?" मी मान हलवली होती. हो अशी.

"आता माझं ऐका," आजी म्हणाल्या. "सून फोनवर बोलली तेव्हा मी पलंगाशीच होते. मला असं ऐकू आलं होतं की ती म्हणाली, धाप लागतेय. मी मुलाला तेव्हापासून सांगतेय. तर त्याने हा कागद आणून माझ्यापुढे धरला. म्हणाला, आई, धाप लागत नव्हती, इथे लिहिलंय. तुझं लक्ष नव्हतं आणि आता स्वतःला सोडवायला काहीही सांगतेस." सातवा हुक सुटला. आठवा. "एका घरात राहतो. तो ताट घेऊन आत जातो. मीही विचार करते, कागद कशाला खोटं बोलेल? माझेच कान गेले असतील. सून म्हणायची, टेपवाल्या ताई फार गोड आहेत. म्हटलं, त्यांनाच जाऊन विचारावं. असे भास होतात का हो म्हातारपणी?"

टेबलावरचा फोन वाजला.

दुपारची ती फोनांचीच वेळ. मी उचलला. पलीकडे तिसऱ्या दिवशीचा एक पेशंट होता, जिमवाला, भारदस्त आवाजाचा. त्याची तक्रारही तीच, गारमेंट काचतंय. मी फॉर्म पुढे ओढला. "धाप लागते का?" उत्तर येईपर्यंत थांबले. नाही म्हणाला, तेव्हा खूण केली. "छातीत दुखतं का?" थांबले. "उठून चार पावलं टाका. पोटरी दुखते? दोन्ही बघा. मी फोन धरते." तो चालला, त्याच्या चपलांचा आवाज मी ऐकला. नाही म्हणाला. खूण केली. फोन ठेवला. दीड मिनिटही लागलं नसेल.

आजी सगळं ऐकत होत्या. त्यांच्या बोटांत अकरावा हुक होता.

"तिलाही असंच विचारलं असेल ना," त्या म्हणाल्या. "म्हणजे तेव्हा ती ठीक होती. माझंच चुकलं म्हणायचं."

नुसती मान हलवायची होती. ती कशी हलवायची ते मला येत होतं. अकरा महिन्यांत मी मनाशी शंभर वेळा सगळं कबूल केलं होतं, सरांपाशी, नवऱ्यापाशी, मॅडमपाशी तर रोजच. या आजींपाशी कधी केलं नव्हतं, कारण त्या आहेत हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तीन खुणा कुणाच्या तरी घरात जाऊन बसल्या असतील असं वाटलंच नव्हतं.

"नाही विचारलं," मी म्हटलं.

"काय?"

"तिला विचारलं नाही. फोन मीच घेतला होता, आजी. ही सही माझी आहे. माझ्यासमोर दुसरी पेशंट उभी होती, फोन खांद्यात धरून मी तिचे हुक लावत होते. सूनबाई म्हणाल्या, घट्ट होतंय, धाप लागल्यासारखं होतंय, सासूबाई विचारतायत हुक सोडू का. मी म्हटलं, तिसरा दिवस ना, सगळ्यांना असंच वाटतं, घट्ट आहे म्हणजे काम करतंय. सोडू नका. त्या 'बरं' म्हणाल्या. मग मी तिन्ही खुणा एकदम करून टाकल्या. रोज करायचे तशा."

आजींच्या बोटांतला अकरावा हुक सुटला. बाहेर काउंटरवरची पोरगी कुणाला तरी पुढची तारीख देत होती.

"धाप म्हणाली होती ती," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"नक्की? हाच शब्द?"

"हाच. तुम्ही बरोबर ऐकलंत."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतील, ओरडतील, हातातलं माझ्या अंगावर फेकतील. मी तयार होते. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

"तेव्हाच आणलं असतं इथे, तर?"

"सांगता येत नाही. पण दोन तास हातात होते."

"दोन तास," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, माझ्याशी नव्हे, "म्हणजे मी खोटं नव्हते बोलत."

मी मान खाली घातली. माफी मागायचं मनात होतं, पण शब्द फार हलका वाटला. तरी मागितली. ती त्यांच्यापर्यंत पोचली की नाही, कळलं नाही.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "माझं तो ऐकणार नाही. त्याला कागदच लागतो."

मी कोरा फॉर्म घेतला. वर मॅडमचं नाव घातलं, ती तारीख घातली, वेळ साडेतीन. पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं: 'पेशंटने धाप लागते असं स्वतः सांगितलं. मी दुर्लक्ष केलं.' उरलेल्या दोन्हींपुढे लिहिलं: 'विचारलं नाही.' खाली कोंबडीचा पाय न काढता माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. या कागदाने माझी नोकरी जाईल, कदाचित परवानाही, हे लिहिताना मला माहीत होतं.

आजींनी चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत ठेवत तो वाचला. पहिली ओळ दोनदा वाचली. मग जुनी झेरॉक्स आणि हा कागद एकात एक घातला आणि पिशवीत ठेवला. त्या उठल्या तेव्हा मी आधाराला हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. खुर्चीला धरून उठल्या.

दारात थांबून त्या म्हणाल्या, "गोड आहेत म्हणायची तुम्हाला." आणि गेल्या.

सर आत ऑपरेशनमध्ये होते, त्यांना बाहेर यायला अजून तासभर होता. ते आले की त्यांना सांगायचं होतं. गारमेंट टेबलावरच राहिलं होतं, अकरा हुक सुटलेले, बाकीचे लावलेले. ते एखाद्या पिशवीत घालून ठेवावं म्हणून मी हातात घेतलं. बाजूला माझी शिवण होती, दोन सेंटिमीटर, अगदी सरळ आलेली.

मी खुर्ची ओढून बसले आणि उरलेले सोळा हुक एकेक करून सोडले.